नॉर्वेवाला आणि मृण्मयीचा फॉर्म

नॉर्वेतल्या एका माणसाने एका दुपारी तीन वेळा माझं ईमेल खातं उघडलं, आणि तिन्ही वेळा मी घरीच होतो.

मी गणिताचा निवृत्त मास्तर. बायको सुलभा आणि मुलगी मृण्मयी यांच्यासोबत इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याला राहतो. निवृत्तीनंतर मला एकच व्यसन लागलं, ते म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या वाचणं. त्यामुळे त्या सकाळी ब्राउझर अपडेट झाला आणि कोपऱ्यात ‘व्हीपीएन, फुकट, हवं तर चालू करा’ असं बटण दिसलं, तेव्हा मी ते लगेच दाबलं. आपला खरा ठावठिकाणा जगापासून लपतो, असं खाली लिहिलं होतं. मला तेवढं पुष्कळ होतं. (त्यापुढेही चार ओळी होत्या. ‘प्रश्न पूर्ण वाचा’ असं मी पोरांना जन्मभर सांगत आलो.)

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला मृण्मयीच्या बी.एड.चा फॉर्म बंद होणार होता. त्यासाठी लागणारा कोड माझ्या मेलवर यायचा होता, कारण पोरीच्या मेलवर माझा भरवसा नव्हता. ती फॉर्मचा फोटो काढायला टावर चौकात गेली होती. म्हटलं, तोवर आपण मेल उघडून ठेवू.

पासवर्ड घातला आणि मोबाइल वाजला. तुमच्या खात्यात नॉर्वेमधून कोणीतरी शिरलं आहे, हे तुम्हीच का?

मी नॉर्वेला कशाला जातोय! शेजारच्या देवासच्या पुढे जायचं तर मी दोन दिवस आधी बॅग भरतो. ‘मी नाही’ दाबलं, कंप्यूटरवर घाईघाईने पासवर्ड बदलला आणि नव्याने आत गेलो. मोबाइल पुन्हा वाजला. नॉर्वे.

एका मिनिटात त्याने नवा पासवर्ड ओळखला होता! घामाने माझा चष्मा घसरायला लागला. सुलभाला विचारलं, पासवर्ड कोणाला बोललीस का. ती म्हणाली, मला तर जुना पण माहीत नाही. तरी तिने खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि पंखा बंद केला (का, ते अजून कळलेलं नाही). तिसरा पासवर्ड मी टॉवेलखाली हात घालून टाइप केला. नॉर्वेवाल्याला तोही कळला. मग मेलने माझ्यासकट सगळ्यांना बाहेर काढून खात्याला चोवीस तासांचं कुलूप लावलं.

साडेतीन वाजले होते. पोरीचं वर्ष माझ्यामुळे बुडणार, एवढंच डोक्यात होतं. मृण्मयीला फोन करून सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, मी घरी येते. सुलभाने स्कूटर काढली (मला चालवणं शक्यच नव्हतं) आणि आम्ही थेट पोलीस ठाण्यात गेलो.

तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. किसी पर शक है, असं विचारल्यावर मी सरळ पूर्ण देशाचं नाव सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. मी सही करणार, तेवढ्यात मृण्मयीचा फोन आला. ती घरी पोचली होती. सुलभाने फोन स्पीकरवर टाकला.

“बाबा, फॉर्म भरला. कोड माझ्या मोबाइलवर पण मागवता येत होता. खालीच लिहिलं होतं.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग विचारलं, “आणि तो नॉर्वेवाला?”

“ब्राउझरचं व्हीपीएन तुम्ही चालू केलं ना? त्यामुळे तुम्ही नॉर्वेत बसून लॉगिन करताय असं मेलला दिसत होतं. तिन्ही वेळा तुम्हीच होता, बाबा. मी बंद केलंय ते. कुठे सही-बिही करू नका, घरी या.”

मी पेन खाली ठेवलं. हवालदार आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होते.

“क्या हुआ, मास्टरजी? पता चला कौन है?”

“जी, चल गया,” मी म्हटलं.

“विदेशी है?”

“नहीं, नानाखेड़ा के ही हैं,” सुलभा माझा दंड धरून उठवत म्हणाली. “इन्हें मैं घर ले जा रही हूँ.”