गाठोडं मागच्या कुंपणावरून

माझ्या मुलीची बाळोती पहिले अठरा दिवस कोण धूत होतं, हे मला माहीत नव्हतं. विचारावं असंही कधी वाटलं नाही. आणि त्याच दिवसांत खाटेवर बसून, उशी मांडीवर घेऊन मी एक लेख लिहिला. दुसऱ्याची घाण धुण्याचं काम कोणाच्या वाट्याला येतं आणि का येतं, हा त्याचा विषय होता.

पहिलं बाळंतपण म्हणून मी जळगावहून माहेरी आले होते. आमचं गाव पिंपळनेरच्या रस्त्यावर, पांझरेच्या काठाला. नाना प्राथमिक शाळेत मास्तर आणि उरलेल्या वेळात शेतकरी. धुळ्याला गेले की ते भाजी विसरत, पण पत्रकं विसरत नसत. कुठल्याही सभेला वाटलेलं, कोणीही छापलेलं, पिवळ्या-गुलाबी कागदावरचं पत्रक आमच्या घरी येई आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवी. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. 'विषमता' हा शब्द मला 'वरण'च्या आधी लिहिता येत होता, असं आई म्हणते.

गावात एक म्हातारी होती, तिला सगळे दाईमाय म्हणत. माझा जन्म तिच्याच हातचा. माझं बाळंतपण मात्र धुळ्याच्या दवाखान्यात झालं, म्हणजे ते काम तिच्याकडून गेलंच होतं. उरली होती ती पुढची रीत. सव्वा महिना रोज सकाळी दाईमायनं यायचं, बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, अंघोळ घालायची, आणि बाळोत्यांचं गाठोडं घेऊन नदीवर जायचं. सव्वा महिना झाला की तिला लुगडं आणि सूपभर ज्वारी.

ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. का, ते सांगायला नको. एरवी तिला आमच्या ओट्यापर्यंतच येता येई. तिची कपबशी ओट्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. नववीत असताना मी दोन दिवस जेवले नाही आणि ती कपबशी घरात आणायला लावली. नानांना माझं कौतुक वाटलं, आईला माझी काळजी. मला मात्र त्या विजयानं फार लवकर वाटायला लागलं, की या गोष्टी आपल्याला कळतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. चौथ्या दिवशी सकाळी दाईमाय पुढच्या दारानं सरळ बाळंतिणीच्या खोलीत आली. तेवढी एकच खोली तिला मोकळी होती, तीही सव्वा महिनाच. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"दखू दे मनी नातले," ती म्हणाली आणि खाली बसून तिनं मांडी केली.

मी बाळ दिलं नाही. मी तिला म्हटलं, "मावशी, तुम्ही आता हे काम करायचं नाही. आमची घाण आम्ही धुऊ. ती तुम्ही का धुवायची?"

लहानपणापासून मी तिच्याशी अहिराणीत बोलत आले होते. त्या दिवशी पुस्तकातल्या मराठीत बोलले. मावशीही पहिल्यांदाच म्हटलं.

ती हसली. "मंग कोन धुई? तू? तुले तं आजून उठता बी येस नही."

"आम्ही बघू. तुमची ज्वारी, लुगडं तुम्हाला मिळेल. काम न करता मिळेल."

तिचा चेहरा मिटला. तिनं मांडी मोडली, हात गुडघ्यावर टेकून उठली. "बरं माय. तुम्हनी मर्जी," म्हणाली आणि गेली. जिनं माझी नाळ कापली, तिनं मला 'तुम्ही' म्हटलं. मला त्यात मान दिसला.

आई दारात उभी होती. तिनं मला एवढंच विचारलं, "गार पाण्यात हात कोण घालणार?"

प्रश्न खरा होता. मला टाके होते, दोनदा ताप येऊन गेला होता, आणि बाळंतिणीनं गार पाण्याला शिवायचं नाही हा नियम आई मोडू देणार नव्हती. मी म्हटलं, रविवारी हे येतील ते धुतील. माझे यजमान माझ्याच विचारांचे. ते आले, आणि खरोखर बाह्या सरसावून मोरीत बसले. बादलीत बाळोती, वर उकळतं पाणी. आईनं डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"जावईबापू, चहा ठेवला का?"

सगळे डाग शिजून पक्के पिवळे झाले होते. आधी गार पाण्यात खळबळून घ्यायचं असतं हे आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. संध्याकाळच्या एस.टी.नं ते जळगावला परत गेले. मग सोमवारपासून धूत कोण होतं? मी धरून चालले, की आई. घरातली अडचण शेवटी आईकडे जाते हे मी गृहीत धरलं होतं. याच गृहीत धरण्याविरुद्ध मी कॉलेजात भाषणं केली होती.

बाळोती मात्र सुरेख येत. आईची जुनी लुगडी आणि नानांची विरलेली धोतरं फाडून ती केलेली, कारण नवं कापड बाळाला कापतं. रोज दुपारी उन्हात वाळून कुरकुरीत झालेली चळत माझ्या उशाशी येई. दिवेलागणीनंतर एकही बाहेर राहत नसे. मी ती हुंगत असे, एक बाळाला बांधत असे आणि लेखाकडे वळत असे. लेखात एक वाक्य होतं: "आमच्या घरातून ही प्रथा त्या दिवशी हद्दपार झाली." ते लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन शिरा खाल्ल्याचं आठवतं. दहाव्या दिवशी नानांनी लेख धुळ्याच्या एका छोट्या पाक्षिकाकडे पोचवला.

अठराव्या दिवशी बाळोत्याच्या घडीतून वाळू पडली. अगदी चिमूटभर, बारीक, चकाकणारी. आमच्या मोरीत शहाबादी फरशी होती आणि पाणी आडाचं. वाळू कुठली? मी आईला हाक मारली, ती आली नाही. म्हणून भिंत धरत मागच्या खोलीच्या खिडकीशी गेले. मागच्या बाजूला काट्यांचं कुंपण होतं. आई त्यावरून एक गाठोडं पलीकडे देत होती. पलीकडून दोन हात वर आले. मग दाईमाय वाकून, कुंपणाच्या आडोशानं नदीकडे गेली.

आई वळली तेव्हा मी खिडकीतच होते.

"मग काय करू?" ती म्हणाली. "माझ्यानं आता वाकवत नाही. तिला काम पाहिजे होतं. तुला दिसलं तर तू रडशील, ताप येईल. ती म्हणाली, मी मागून येईन, पोरीला कळू देऊ नका."

म्हणजे मी काय केलं होतं? पुढच्या दारानं येणाऱ्या बाईला मागच्या कुंपणाशी उभं केलं होतं. आधी ती तेल लावायला, अंघोळ घालायला, गप्पा मारायला येत असे. आता फक्त गाठोडं नेत होती. शिवाय माझ्या तत्त्वाला धक्का लागू नये म्हणून लपत होती.

दुसऱ्या दिवशी आईचं न ऐकता मी कानाला फडकं बांधून नदीवर गेले. ती खालच्या अंगाला दगडावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा धुवायला लागली. तिचं धुणं मी पहिल्यांदाच पाहिलं. आधी काडीनं घाण काठाला काढायची, मग वाहत्या पाण्यात सोडून खळबळायचं, मग सोडा, हलक्या हातानं चोळायचं, आपटायचं नाही, नाहीतर जुनं कापड फाटतं. मग तीन पाणी.

"दाईमाय, माझं चुकलं," मी म्हटलं.

"कसानं चुकनं? तू तं शिकेल शे." तिनं बाळोतं पिळलं. "माले एकच सांग. मना हातले वास येस का?"

"नाही गं."

"मंग पोर कसाले दिधी नही हातमा?"

मी तिला समजावायला लागले. हे काम पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच माथी मारलं, ते अन्यायाचं आहे, वगैरे. ती ऐकत होती. माझं बोलणं मलाच पत्रकासारखं ऐकू यायला लागलं तेव्हा मी थांबले.

"कोनले आवडस गू धुवाले?" ती म्हणाली. "माले नही आवडस. पन त्या कामपायी मी तुम्हना घरमा येऊ. सव्वा महिना पोर मना मांडीवर ऱ्हाये. तू काय करं? पोर काढी लिधी अन् गू ऱ्हाऊ दिधा."

  कोणाला ते वाक्य सांगितलं की लोक म्हणतात, तिला तरी दुसरं काय सुचणार, शोषिताला शोषणाची सवय होते. मीही एकेकाळी हेच म्हटलं असतं. पण ती सवयीबद्दल बोलत नव्हती. ती हिशेब चुकलेल्या माझ्या न्यायाबद्दल बोलत होती. काम सोडायचं असेल तर तिनं सोडायचं होतं, आणि त्या खोलीत यायची तिची वाट मोकळी राहायला हवी होती. मी तिला विचारलंच नव्हतं.

"उद्यापासून पुढच्या दारानं ये," मी म्हटलं. "धू नाहीतर नको धू. नुसती ये."

"आते नको. अन् उद्यापासून गाठोडं बी नको धाडू." तिनं शेवटचं बाळोतं माझ्या खांद्यावर टाकलं. ते ओलं होतं. "घर जाय. वारा लागी."

त्यानंतर मीच धुवायला लागले, कोमट पाण्यानं, मोरीत. आई ओरडत राहिली. माझी बाळोती कधीच तशी निघाली नाहीत.

याहून लाज वाटावी अशी गोष्ट अजून पुढे आहे. लेख तेव्हा छापला गेला नव्हता. नाना शनिवारी धुळ्याला निघाले आणि चपला घालता घालता म्हणाले, "संपादकांना काही निरोप?" तो लेख मागे घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. निदान ते 'हद्दपार' असलेलं वाक्य खोडायला. मी बाळाच्या टाळूला तेल लावत होते. मी म्हटलं, "नाही. काही नाही." माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं.

अंक आला तेव्हा नानांनी तो ओट्यावर चार-पाच लोकांना वाचून दाखवला. त्यांचा आवाज शाळेतला, खणखणीत. मी आतून ऐकत होते. 'हद्दपार' शब्दाला कोणीतरी "वाहवा" म्हटलं. आई त्याच वेळी चुलीपुढून उठून माझ्याजवळ आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

सव्वा महिना झाला. विहीर पुजून आले. लुगडं आईनं आणून ठेवलं होतं. मी ते पिशवीत घातलं, वर वाळलेली बाळोती ठेवली, आणि सगळ्यांत खाली तो अंक. ठरवलं होतं, की तिच्यापुढे बसायचं, लेख वाचायचा आणि यातलं काय खोटं आहे ते आपल्या तोंडानं सांगायचं. मुलीला घेऊन मी गावाच्या त्या टोकाला गेले. जन्मात पहिल्यांदा गेले, हेही सांगून टाकते. आधी फक्त भाषणात गेले होते.

दाईमाय दारात शेंगा फोडत होती. मी मुलगी तिच्या मांडीवर दिली. तिनं मुलीचे हात-पाय चाचपले, काखा पाहिल्या, मांड्या पाहिल्या.

"सोडा ऱ्हाई जास कापडमा. दख, लाल व्हयनं. तीन पानी काढत जाय."

"काढते."

"काढस? हे काय मंग?"

मी लुगडं पुढे केलं. ती म्हणाली, "अर्धंच काम करं मी. अर्धं फाडी ली जा, बाळोता व्हतीन." आणि स्वतःच हसली. लुगडं मात्र तिनं घेतलं, उलगडून काठ पाहिला आणि पुन्हा घडी करून बाजूला ठेवलं.

मग म्हणाली, "मास्तर सांगे, पेपरमा मनं लिखेल शे. काय लिखं? वाची दखाड."

मला बोलायला हवं होतं. तिच्या मांडीवर माझी मुलगी होती, ती दाईमायच्या बोटाला धरून पाय झाडत होती, आणि दाईमायच्या चेहऱ्यावर मी नदीवर पाहिलेला राग नव्हता. तो पुन्हा यावा असं मला वाटेना.

"आनं नही वं दाईमाय," मी म्हटलं. "पुढला खेपले आनसू."

"आन मंग," ती म्हणाली.

तेवढ्यात मुलगी ओली झाली. मी हात पुढे करायच्या आत दाईमायनं पिशवी ओढून घेतली आणि कोरडं बाळोतं काढायला आत हात घातला. बाळोत्याबरोबर अंकाचा कोपरा वर आला. तिला वाचता येत नव्हतं. कागद कशाचा आहे, ते कळायला वाचता यावं लागत नाही. तिनं तो पाहिला, तळहातानं सरळ केला, पिशवीत परत खाली दाबला, आणि मुलीचे दोन्ही पाय एका हातानं उचलून तिच्या खाली कोरडं कापड सरकवलं.