शिवक्काचा बिनसाखरेचा नवस

चहाचा पहिला घोट घेतला की शिवक्का डोळे मिटायची. समोर मुलाचे आईवडील, काका, मामा ताटकळत बसलेले, आणि ही बया आपली घोट जिभेवर घोळवते आहे! मग डोळे उघडून "बरा झालाय" एवढंच म्हणायची. खरा निकाल बाहेर आल्यावर, माझ्या स्कूटीवर मागं बसता बसता लागायचा. "साखर तळाला तशीच हाय बघ. ढवळणारीला घाई. म्हंजे त्या घरात कुणाचा तरी लई धाक हाय. आपली पोरगी द्यायची न्हाय तिथं."

शिवक्का लग्नं जुळवायची. माहेर संकेश्वरकडचं, त्यामुळं मराठीत बोलता बोलता कानडी कधी सुरू व्हायचं तिचं तिलाच कळायचं नाही. राजारामपुरीत आमच्या समोरच्या घरात ती एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हुबळीला. लग्न जुळवायचं ती काही घेत नसे. दोन्ही घरांनी मानाचं लुगडं नेसवलं आणि पंगतीत पहिल्या ओळीत बसवलं की तिचं पोट भरायचं. कोल्हापूरच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलायची, आणि इतक्या मोठ्यानं, की तिच्या घरातली गुप्त बोलणी अर्ध्या गल्लीला पाठ असायची.

मी एका लॅबमध्ये कामाला. सकाळी उठून लोकांच्या घरी जायचं, उपाशीपोटीचं रक्त काढून आणायचं. दुपारनंतर मोकळी असले की शिवक्का हाक मारायची, "वैशे, काढ गाडी!" लग्नसराईत दिवसाला सहा-सात घरं व्हायची, आणि घर तिथं चहा. आमच्याकडं पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर घराण्याला बट्टा लागतो. "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे, असं ती म्हणायची खरी. पण ते ऐकून आजवर कुणी चमचा आवरलेला नाही. वर पोह्यांनंतर पेढा, पेढ्यानंतर "अक्का, लाडू घरचा हाय की!"

एका मे महिन्यात माझ्या लक्षात आलं, की ही प्रत्येक घरात आधी पाणी मागते, आणि निघताना मोरी कुठं विचारते. दुपारी स्कूटीवर पेंगते. एकदा टाचेला चप्पल चावली, ती जखम महिना झाला तरी ओलीच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सुई घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

आकडा बघून डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि डोळे, पाय, किडनी असं सगळं एकेक करून समजावलं. शिवक्का मान डोलवत राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "साखर बंद म्हणतोय न्हवं? मग गुळाचा घेतो."

"अक्का, गूळ आणि साखर सख्ख्या बहिणी. रक्तात गेल्यावर दोघींचं आडनाव एकच."

"अगं, आमच्या शेतातल्या उसाचा गूळ!"

"रक्ताला सात-बारा कळत नाही."

यावर ती जराशी हसली, आणि मग एकदम माझा हात घट्ट धरला. "वैशे, हे कुणाला सांगायचं न्हाय. शपथ घे माझी. साखरेची बाई म्हटल्यावर शुभकार्याला कोण बोलवंल गं मला? म्हणतील, आजारी हाय, कशाला तिचा हात लावायचा. घरात बसून काय करू मी? चार भिंतींचं लग्न लावू?" मी शपथ घेतली. लॅबमधल्या माणसाला खरं तर शपथेची गरज नसते, पेशंटचा आकडा कुणाला सांगायचाच नसतो. पण तिच्या डोळ्यांतली भीती बघून घेतली.

आता प्रश्न असा, की चहात साखर नको म्हणायचं कसं? नुसतं नको म्हटलं तर रोग कळणार. चहाच नको म्हटलं तर पाहुणे समजणार, स्थळ नाकारलं. शिवक्कानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पहिल्याच घरात कपावर हात आडवा धरून गंभीर आवाजात जाहीर केलं, "जोतिबाला बोललोय. हे लग्न ठरल्याबिगर साखरेचा कण तोंडात घालणार न्हाय."

मी मनात म्हटलं, धन्य आहे बाई तुझी! घरातल्यांनी हात जोडले. मुलाच्या आईनं डोळ्याला पदर लावला, आपल्या लेकरासाठी परक्या बाईनं नवस धरला म्हणून. त्या दिवसापासून जाईल त्या घरात हाच नवस. एक लग्न ठरलं की दुसऱ्याचा सुरू. ठरल्यावर तोंड गोड करायला मात्र चिमूटभर साखर ती घ्यायचीच, आणि माझ्याकडं चोरून बघायची. तेवढी मी चालवून घ्यायची. गंमत म्हणजे नवसामुळं तिचा भाव वाढला. "अक्काची साखर अडलीय, लवकर काय ते बोला," असं म्हणून म्हातारी माणसं बैठक आवरती घ्यायची.

घरात तिनं सगळं पथ्य लग्नाच्या भाषेत बसवून टाकलं. मी सांगितलं होतं, नुसता भात खाल्ला की साखर एकदम चढते, आधी भाजी, डाळ खा. तर म्हणाली, "कळलं. भात म्हंजे नवरी. एकटी पाठवायची न्हाय. संगं पाठराखीण पायजे." मग आधी वाटीभर पालेभाजी, मूठभर उसळ, भाकरी, आणि शेवटी जेमतेम घासभर भात. जेवण झालं की गल्लीत फेऱ्या. "वरात काढतो," म्हणायची. सहा महिन्यांत टाचेची जखम भरली, दुपारची पेंग गेली आणि आवाज आणखी चढला. गल्लीला ते जरा जडच गेलं.

एक गोष्ट मात्र काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. साखर चढते तशी उतरतेही. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली आणि पोटात काही गेलं नाही तर उतरलेली साखर चढलेल्या साखरेपेक्षा लवकर माणसाला आडवं करते. "उतरली तर बरंच की! त्यासाठीच गोळी घेतोय न्हवं?" हे तिचं उत्तर. मी डोकं आपटून घ्यायची तेवढी बाकी.

आणि मग मलाच स्थळ आलं. महेश, माणसं कुरुंदवाडची, त्याचं पंपांचं दुकान कोल्हापुरात. मुलगा मला आवडला होता, हे आत्ता सांगायला काय जातंय. बैठक आमच्या घरी. एका बाजूला आमची माणसं, दुसऱ्या बाजूला महेश, त्याची आजी आणि त्याचे काका, मधे शिवक्का, इथंही तोच नवस बोलून बसलेली. टेबलावर हळदकुंकू, नारळ, सुपारी आणि साखरेची वाटी मांडून ठेवलेली. आमच्यातल्या पद्धतीप्रमाणं ठरल्याशिवाय मुलीच्या घरी जेवायचं नाही, त्यामुळं आत जेवण तयार आणि बाहेर बोलणी चालू.

बोलणी अडली ती माझ्या नोकरीवर. काका म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पर सकाळी सकाळी लोकांच्या दारात जाऊन रक्त काढत फिरायचं, हे आमच्यात बसत न्हाय. नोकरी सोडावी लागंल." महेश काहीतरी बोलायला गेला तर काकांनी त्याला हातानंच थांबवलं. दीड वाजला, दोन वाजले. तो सोमवार होता. शिवक्काचा उपास. सकाळी तिनं गोळी घेतली होती, आणि माझ्या लग्नाच्या गडबडीत फळसुद्धा खायचं विसरली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त तिच्या ओठांवरचा घाम दिसला.

मग तिचा हात थरथरायला लागला. काकांना ती मधेच कानडीत काहीतरी तिरसट बोलली, आणि पुढचं वाक्य अर्धवटच राहिलं. काकांचा चेहरा लाल झाला. "आमाला शिव्या द्यायला बोलावलंय व्हय?" ते उठायलाच लागले. सगळ्यांना वाटलं, अक्का भडकली. मला एकटीला कळलं, साखर उतरली.

तोंडावर आलं होतं सांगायचं. सांगितलं असतं तर पाच मिनिटांत कुरुंदवाडपर्यंत गेलं असतं, आणि शिवक्काचं पुढचं आयुष्य त्या चार भिंतींत. मी पुढं झाले, टेबलावरची साखरेची वाटी उचलली, शिवक्काचं तोंड उघडलं आणि सगळ्यांच्या देखत मूठभर साखर तिच्या तोंडात कोंबली.

ठरल्याशिवाय न मोडणारा नवस, आणि तो मोडला कुणी? खुद्द नवरीनं! माझ्या आईनं कपाळाला हात लावला. काका अर्धवट उठलेले तसेच राहिले.

पहिल्यांदा हसली ती महेशची आजी. बोळकं उघडून हसली. "अगं बया! पोरीनं सोताच्या हातानं ठरवलं की रं! महेश, नशीब काढलंस बघ. आता मागं फिरलो तर जोतिबा विचारंल आपल्याला."

"अवं पर नोकरीचं..." काका म्हणाले.

तोवर साखर आपलं काम करायला लागली होती. शिवक्कानं डोळे उघडले, तोंडातली साखर गिळली, आणि भरल्या तोंडानंच म्हणाली, "पावणं, बसा खाली. नोकरी चालू ऱ्हाणार, ह्या बोलीवर साखर खाल्लीया मी. ओकून टाकू काय?"

आजी पुन्हा हसली आणि काका बसले. मी शिवक्काला पाणी द्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, सुई टोचली. सत्तरच्या खाली धोका असतो, आणि एवढी साखर खाऊनही आकडा साठाच्या खालीच होता. तिला केळं दिलं, मग उपास मोडून भाकरी खायला घातली. ती खात होती आणि मी रडत होते. "रडू नको गं," ती म्हणाली, "लग्न ठरलंय तुझं."

दुसऱ्याच दिवशी मी तिला डॉक्टरांकडं नेलं. गोळी कमी झाली, उपास बंद झाले आणि कमरेच्या बटव्यात खडीसाखर आली. मात्र गावभर शिवक्कानं सांगितलं ते वेगळंच. "मीच नाटक केलं. बोलणी मोडाय लागलीती, मग पोरीला डोळ्यानं खुणावलं. घाल म्हटलं साखर!" लोकांनी अर्धं ऐकलं आणि अर्धं स्वतःचं घातलं. सासरी आजही कुणी नवीन पाहुणा आला की काका सांगतात, "ही आमची सून. लई घाईची. सोताच सोताचं ठरवलं हिनं." मी मान खाली घालून हसते. महेशलाही मी खरं सांगितलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी रक्त घ्यायला गेले, तर शिवक्का घामानं भिजून भिंतीला टेकून बसलेली. बटवा हाताच्या अंतरावर, पण उचलायची ताकद नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. हुबळीचा मुलगा कधीपासून बोलावत होता, आणि ही दर वेळी म्हणायची, "बोलणी चालू हाईत." ज्या बाईनं दुसऱ्यांच्या इतक्या पोरी नांदायला पाठवल्या, तीच स्वतः पोटच्या पोराकडं जायला तयार नाही!

पुढच्या आठवड्यात मुलगा गाडी घेऊन आला. महेश तिची ट्रंक उचलायला आला होता. तयार होऊन बसली तरी ती काही उठेना. मग महेशकडं बघून म्हणाली, "जावयबापू, एक सांगायचं हाय. त्या दिवशी नाटकबिटक काय न्हवतं. साखर उतरलीती माझी. मरतोय असं वाटलं. हिला समदं ठावं हुतं. घाईची पोरगी म्हणून सगळं गाव हसलं हिला, तिनं ऐकून घेतलं, पर माझं नाव घेतलं न्हाय." मग माझ्याकडं वळली. "आता सांग सगळ्यास्नी. माझं काम झालं. म्हणावं, कुणी बिनसाखरेचा चहा मागितला तर का म्हणून इचारू नका. गपचिप द्या. समद्यांस्नी नवस सुचत न्हाय."

महेश ट्रंक हातात धरून तसाच उभा.

"आज आकडा किती हाय?" तिनं विचारलं.

"चांगला आहे, अक्का."

तिनं बटव्यातून खडीसाखरेचा एक बारका खडा काढला. आम्हा तिघांना नीट दाखवला, पोराच्या तोंडाकडं एकदा बघितलं, आणि तो खडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. चहाचा पहिला घोट घेतल्यावर मिटायची तसेच. पोराच्या घराचा निकाल काय लागला, ते मात्र या वेळी तिनं कुणाला सांगितलं नाही.

"ठरलं," ती म्हणाली. "चला हुबळीला."

इतकी वर्षं तिच्या कणाकणावर पहारा ठेवला मी. त्या खड्याला काही म्हटलं नाही. साखर खाल्ल्यावर मागं फिरायचं नसतं.