तळाला लागलेला रस्सा

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. मोटरच्या खोलीचं दार उघडलं की नुसत्या वासावरून आत काय करपलंय ते सांगतात. कामावर त्यांच्या नाकाचं केवढं कौतुक. घरी त्याच नाकानं मला जीव नकोसा केला होता. बावीस वर्षं माझ्या हातचा बटाट्याचा रस्सा खाल्ला आणि प्रत्येक वेळी म्हणाले, छान झालाय, पण आईच्या हातचा काही वेगळाच असायचा. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे. तिचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही, रस्सा तेवढा आठवतो. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं मी मनात म्हणायचे. एकदा तोंडावरही म्हणाले, तेव्हा दोन दिवस अबोला झाला.

गेल्या महिन्यात वन्सं राहायला आल्या. ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, मोजकंच बोलणाऱ्या. म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावूनच टाकू. सासूबाईंचा रस्सा शिकवा म्हणून मी त्यांच्या मागे लागले. त्या आज नको, उद्या बघू करत राहिल्या. शेवटी रविवारी मी त्यांना ओट्याशी उभं केलंच.

मसाला माझाच, बटाटेही माझ्याच पद्धतीनं चिरलेले. रस्सा आटला तशी मी पातेलं उतरवायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. तळाला लागल्याचा वास सुटला तरी सोडेनात. मी वैतागून विचारलं, सासूबाई असा करपवायच्या की काय?

"आई कुठली करतेय गं? दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मीच करायचे. कोळशाची शेगडी, मला पातेलं उतरवता यायचं नाही. बाबा कामावरून येईपर्यंत ते तसंच वर. आणि ताट मी आईच्या खोलीतून फिरवून आणायचे. आईनं केलंय म्हटल्याशिवाय हा घास घ्यायचा नाही."

मग आजवर बोलला का नाहीत, असं मी म्हटलं. त्याच्याकडे आईचं तेवढंच होतं, म्हणाल्या.

वासावर हे बाहेरच्या खोलीतून उठून आले होते. दारात कधीचे उभे होते, आम्हा दोघींना उशिरा दिसलं. ते तिथल्याच स्टुलावर बसले.

"मग आई काय करायची, ताई?"

वन्संना खोटं सुचलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला हाका मारायची," त्या म्हणाल्या. "औषधांच्या वासाला घाबरून तू आत जायचा नाहीस."

मी गॅस बंद केला, वन्सं तोंड फिरवून भांडी आवरत राहिल्या. मग हे मला म्हणाले, "हा नको. तू करतेस तसाच कर."

हेच ऐकायला मी बावीस वर्षं थांबले होते. आणि होती नव्हती तेवढी आई मीच ह्यांच्याकडून काढून घेतली.