चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात त्या दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. सख्ख्या जावाच त्या. एकाच घरात वर-खाली राहायच्या, एकाच बसने कामाला यायच्या आणि दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या असायच्या.

"लग्न यांच्याशी केलं," धाकटी म्हणायची, "पण तोंड दिवसभर तुमचंच बघायचं नशिबात!"

थोरली नुसती हसायची. बोलण्याचं खातं धाकटीकडे होतं.

काम साधंच. यंत्रातून गरम चादर निघाली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे. एक झटका द्यायचा. दिव्याकडे धरून डाग, भोक बघायचं. लांबीत दुमडायची, ताणायची, पुन्हा दुमडायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. कोपऱ्याला कोपरा लागला की थोरलीने आपलं टोक धाकटीच्या हाती द्यायचं आणि खाली लोंबणारी घडी उचलायची. मग पुढची चादर. इतकी वर्षं झाली, तरी दोघींचं पाऊल कधी चुकलं नव्हतं.

दोघींचे नवरे मिळून सुतारकामाचं दुकान चालवत. एके दिवशी दुपारी थोरलीचा नवरा रंधा मारता मारता छातीला हात लावून खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. धाकटा भाऊ शेजारीच होता. त्याच्या मांडीवरच सगळं संपलं.

घर माणसांनी भरलं आणि रिकामंही झालं. थोरलीला रडूच येईना. सकाळी उठून ती सवयीने दोन कप चहा टाकायची, मग दुसऱ्या कपाकडे बघत बसायची. त्याची चप्पल दाराशी, चष्मा खिडकीत, घर नुसतं खायला उठायचं. आठवडाही उलटला नव्हता, तोच एका सकाळी ती डबा भरून बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण या वेळी धाकटीच बोलली. थोरलीच्या मागोमाग धुलाईखान्यात शिरली ती फणकाऱ्यातच.

"ताई, घरी तुमचा दीर भिंतीकडे तोंड करून पडलाय. दुकानाचं नाव काढलं तर अंगावर येतो. आणि तुम्ही इथे चादरींच्या घड्या घालताय? सख्खा नवरा गेलाय तुमचा!"

थोरलीने ऐकून घेतलं. यंत्रातून चादर काढली, दोन कोपरे धरले आणि उरलेले दोन पुढे केले. धाकटीचा हात आपसूक पुढे आला. चादरीला दोन माणसं लागतात, त्याला ती तरी काय करणार!

त्या दिवसापासून धाकटीने अबोला धरला. बसमध्ये वेगळ्या बाकावर बसायची, डबा वेगळा खायची. चादरींच्या घड्या मात्र दोघीच घालत. झटका, दिवा, दुमड, ताण, चार पावलं पुढे. धाकटीची बडबड थांबल्यामुळे थोरलीला पहिल्यांदाच चादरीचा आवाज ऐकू आला. झटक्याला शीड फडफडल्यासारखा, दुमडताना कुणी हळूच सुस्कारा सोडावा तसा. दिव्यापुढे धरली की कुठे ठिगळ दिसायचं, कुठे कशाचा तरी पुसट डाग. हिच्यावर कुणी बाळंत झालं असेल. कुणी बरं होऊन घरी गेलं असेल, कुणी गेलं नसेल. चादर परत धुऊन आली, दुसऱ्या कुणासाठी. वर प्रत्येक खाटेवर कुणाचं तरी जग उलथंपालथं होत होतं, आणि त्या सगळ्यांना स्वच्छ चादर लागत होती. आपण एकटीच नाही, एवढंच तिला त्यातून कळलं. पण तेवढ्याने तिला श्वास पुरायला लागला.

असेच दिवस गेले. एका दुपारी कोपऱ्याला कोपरा लागला, आणि थोरलीने टोक सोडलंच नाही. चादर अजून गरम होती. तिने ती गालाला लावली, मग डोळ्यांना, आणि इतके दिवस अडलेलं रडू धो-धो वाहू लागलं. यंत्रांच्या आवाजात बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

धाकटी समोर उभी. तिने आपलं टोक सोडलं नाही. थोरली शांत झाल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "ही आता परत धुवावी लागणार."

थोरलीला रडता रडता हसू फुटलं. मग धाकटीलाही.

"ताई, मी फार वाईट बोलले."

"खरं तेच बोललीस. बघणाऱ्याला तसंच दिसणार."

"तुम्हाला जमतं तरी कसं हो?"

"मला कुठे जमतंय गं? हात आपले करत राहतात, मी त्यांच्या मागे मागे जाते."

धाकटी चादरीच्या काठाशी चाळा करत राहिली. "ह्यांचं काय करू ते सांगा. रंध्याला हात लावायचा नाही म्हणतात, कध्धी."

त्या संध्याकाळी थोरली वर न जाता आधी धाकटीकडे गेली. दीर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती खाटेच्या कडेला बसली.

"भाऊजी, उद्या दुकान उघडा."

"वहिनी, नाही जमणार मला. दादा तिथेच..."

"रंध्याला हात लावू नका. नुसती दाराची फळी काढायची, केर काढायचा आणि परत यायचं."

"त्याने काय होणार?"

"केर निघेल," थोरली म्हणाली.

दीर उठून बसला. किती दिवसांनी त्याने कुणाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला आणि दारातूनच परत आला. त्याच्या पुढच्या दिवशी आत शिरला, दादा गेला त्या दिवसापासून पडून राहिलेला भुसा गोळा केला आणि पोत्यात भरून ठेवला, टाकवेना म्हणून. मग रोजच जाऊ लागला. केर काढायचा, हत्यारं पुसायची, एकेक जागेवर लावायची. दादाचा रंधासुद्धा, आधी थबकून बघत, मग न थबकता. शेजारच्या शिंप्याने एकदा हलणारं स्टूल आणून दिलं तेव्हा पाय ठोकून द्यायला नाही कसं म्हणणार, म्हणून त्याने तो ठोकून दिला. मग कुणाचं तरी कपाट आलं.

धाकटीचं तोंड पुन्हा सुरू झालं ते झालंच. आता तिच्या तक्रारी नवऱ्याबद्दल होत्या: घरभर भुसा आणतो, जेवायला उशीर करतो, बोलावलं तर ऐकू येत नाही. थोरली चादरीच्या पलीकडून हं हं करत ऐकायची.

"ऐकताय ना ताई?"

"ऐकतेय. ताण जरा, तुझ्याकडून ढिली पडलीय."