आडवी आलेली मालगाडी

त्या स्टुडिओवाल्याचा मी एक दिवस वाया घालवला, एवढंच. त्याचं वाटोळं वगैरे केलं नाही. पण दिवस असा निवडला होता की तसा दुसरा त्याला वर्षभर मिळू नये, आणि ते आठवलं की मला आजही बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको.

मी नांदुऱ्यात राहते आणि रेल्वेलाइनीपलीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. रोज सकाळी स्कूटी घेऊन निघायचं आणि रोज फाटक बंद. पहिली दोन वर्षं मी चरफडण्यात घालवली. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, अवकाळी पावसाने हवा लख्ख धुऊन निघाली होती. फाटकाशी उभी होते, समोरून रिकाम्या डब्यांची मालगाडी चालली होती, आणि तिच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सातपुडा. एरवी धुरकट रेघ असते किंवा तीही नसते. त्या दिवशी घड्या मोजता आल्या असत्या. मी मोबाइल काढला आणि माझं कायमचं बिघडलं.

पुढे जुना का होईना, कॅमेरा घेतला, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली. त्या लेन्समधून बघितलं की डोंगर येऊन थेट डब्यांच्या पाठीला टेकतो आणि आपला सपाट काळा मुलूख डोंगराळ होऊन जातो. माझ्या घरी याला खूळ म्हणतात. नवरा म्हणतो, लोकं लग्नाबारशाचे फोटो काढतात, आमच्या घरी कोळशाचे. म्हणू दे. पॅसेंजर गाडीला वेळापत्रक असतं, तिचं काय कौतुक? मालगाडी कधी येईल हे कुणी सांगत नाही. डोंगर कधी दिसेल हेही कुणी सांगत नाही. दोघांची गाठ पडायची तर माणसाने नुसतं उभं राहायचं, आणि हे उभं राहणं मला त्या फाटकाच्या गेटमनने शिकवलं.

त्याची नोकरी संपत आली होती. संग्रामपूरकडचा माणूस, डोंगराच्या पायथ्याचं गाव. सगळी हयात फाटकावर गेली आणि सर्विस बुकावर एक डाग नाही, हे तो दिवसाआड एकदा सांगायचा. त्याच्याकडून मला कळलं की गेटमनचं काम फाटक लावून संपत नाही. गाडी जाईपर्यंत हातात झेंडी घेऊन, तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं. कुठल्या चाकातून धूर येतो का, काही लोंबतं का, दार उघडं आहे का, हे शेवटच्या डब्यापर्यंत बघायचं, आणि शेवटी गार्डाला झेंडी दाखवायची. तो हे असं करायचा की जणू प्रत्येक डबा त्याला ओळख देऊन पुढे जातोय.

“मॅडम, घाई नका करू,” तो म्हणायचा. “कोळशावाली येऊन राह्यली. तिच्यामागं एक्स्प्रेस हाय. तुमची शाळा काही पळून नाही जात.”

स्टुडिओवाल्याला त्या फाटकावर मीच नेलं. हे माझं पहिलं पाप. त्याचा शेगावला फोटो स्टुडिओ, लग्नांची कामं, आणि हौसेला रेल्वेचे फोटो. आमचा एक ग्रुप आहे, मालगाड्यांच्या वेड्यांचा. कुणी भुसावळहून कळवतं, अमकी गाडी सुटली. कुणी अकोल्याहून कळवतं, तमकी थांबली. त्या ग्रुपवर याचा मोठा रुबाब. मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या डोंगराच्या फोटोंची जागा आम्हालाही दाखवा की.” मी भोळेपणाने दाखवली. गेटमनने त्याला माठातलं पाणी दिलं, बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

तिसऱ्या खेपेला ते घडलं. हवा चांगली होती, नागपूरकडे जाणारी मालगाडी येत होती, आणि विजेचा एक खांब नेमका माझ्या चौकटीत येत होता. खांब चुकवायला मी दोन पावलं पुढे गेले. मग आणखी दोन. कॅमेरा डोळ्याला असला की पायांना अक्कल राहत नाही. गेटमन गाडीकडे तोंड करून उभा होता. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पाहिलं, गर्रकन वळला आणि ओरडला, “मॅडम, मांगं सरा!” मी सरले. तो परत गाडीकडे वळला. डबे जात राहिले, गार्डाला झेंडी दाखवली गेली. सगळं मिळून चार डब्यांचा वेळ गेला असेल.

तेवढ्या वेळात रस्त्याच्या पलीकडून स्टुडिओवाल्याने बटण दाबलं. गाडीकडे पाठ, झेंडी खाली, तोंड हे एवढं उघडं. स्टुडिओवाला ते ओरडणं ऐकत होता, आपल्या कानांनी. तरी संध्याकाळी त्याने फोटो टाकला आणि वर लिहिलं: ‘ड्युटीवर जांभई.’

लोक हसले, पुढे पाठवत राहिले. फोटो गावं ओलांडून कुठल्या कुठे गेला आणि शेवटी जिथे जायला नको होता त्या टेबलावर पोचला. आठवड्याभरात गेटमनला फाटकावरून उचललं. चौकशी लागली. निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना त्याला स्टोअरमध्ये लोखंड मोजायला बसवलं. मी स्टुडिओवाल्याला फोन केला, फोटो काढून टाका म्हटलं. तो हसला. “अहो मॅडम, फोटो बोलतो, आपण नाही बोलायचं. इतका व्हायरल माझा एकही फोटो झाला नव्हता.”

त्या वाक्याने माझ्या मनात जी गाठ बसली ती मी सोडवायचा प्रयत्नही केला नाही. उलट रोज थोडी घट्ट केली. शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घेताना मी त्याच्या तोंडाचा विचार करायचे. ग्रुपवर त्याच्याशी गोड राहिले, त्याच्या प्रत्येक फोटोला अंगठा दिला. एवढी गोड मी माझ्या सासूशीही कधी राहिले नाही. मला त्याची जिरवायची होती, आणि ती भांडून जिरणारी नव्हती.

चौकशीत जाऊन मी सांगू शकले असते, हेही लिहायला हवं. माझ्या कॅमेऱ्यात त्या क्षणाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो होते. पण सांगायचं काय? की मी, सरकारी शिक्षिका, चालत्या गाडीच्या पुढ्यात लाइनीजवळ गेले होते? तो गुन्हा आहे. माझ्यावर कारवाई झाली असती, शाळेत कळलं असतं, तालुक्याला कळलं असतं. मी स्वतःला समजावलं की मी गेल्याने त्याचंच नुकसान होईल, माणसं लाइनीवर जाऊ देतो म्हणून. समजूत मला लगेच पटली. मग मी सगळं लक्ष सुडावर दिलं.

संधी दिवाळीच्या सुट्टीत आली. दोन मालगाड्या एकाला एक जोडून केलेली लांबलचक गाडी नागपूरकडे येणार, असं ग्रुपवर कळलं होतं. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. सकाळी गच्चीवर गेले तर सातपुडा असा उभा की हात लावावा. स्टुडिओवाल्याने आधीच पुण्या-नागपूरकडच्या चार बड्या मंडळींना बोलावून ठेवलं होतं, आमच्या वऱ्हाडातला डोंगर दाखवतो म्हणून. फक्त उभं कुठे राहायचं हा प्रश्न होता. फाटकावर नवा गेटमन होता, आणि त्या फोटोनंतर तिथे कॅमेरा दिसला तरी हाकलायचे. स्टुडिओवाल्याने स्वतःच्याच हाताने ती जागा बंद केली होती. म्हणून चार दिवस आधीच मला मेसेज आला होता. “मॅडम, स्पॉट सुचवा ना.”

मी सुचवला. फाटक आणि नांदुरा स्टेशनच्या मधे, लाइनीच्या दक्षिणेला, एका कपाशीच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध. उंच आहे, सूर्य पाठीशी, समोर एकही झाड नाही. एक शब्द खोटा सांगितला नाही. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. त्या धुऱ्यासमोरच भुसावळकडे जाणाऱ्या लाइनीचा सिग्नल आहे, आणि साडेदहाच्या सुमाराला स्टेशनातली लाइन मोकळी होईपर्यंत कोळशाची गाडी बहुतेक रोज तिथे उभी करून ठेवतात. इतकी वर्षं शाळेला उशीर करून घेत मी ते पाहिलं होतं. ती गाडी अलीकडच्या लाइनीवर. नागपूरची पलीकडच्या. डोंगर तिच्याही पलीकडे.

खात्री मात्र नव्हती. मालगाडीची कुणी खात्री देत नाही. दोन दिवस आधी शेगावला दर्शनाला गेले होते तेव्हा हात जोडून मागितलं काय, तर लाल सिग्नल. बाहेर येऊन चपला घालताना माझी मलाच लाज वाटली, पण मागणं काही परत घेतलं नाही.

मी बांधाच्या टोकाला, थोडी बाजूला उभी राहिले. स्टुडिओवाल्याने तीन पायांचे स्टॅंड लावले होते. पाहुण्यांना हात लांब करून डोंगरातली घाटाची खिंड दाखवत होता. दहा वाजून गेले. साडेदहाला शेगावच्या बाजूने कोळशाची गाडी दिसली. धडधडत आली, हळू झाली, आणखी हळू, आणि ब्रेकची लांब किंकाळी देत अशी थांबली की त्या पाच जणांसमोर डब्यांची भिंत झाली. डोंगर गेला. पलीकडची लाइन गेली. आभाळ तेवढं उरलं.

“निघेल, निघेल,” तो म्हणाला.

ती कशाला निघते! स्टेशनातली लाइन अजून मोकळी व्हायची होती. तेवढ्यात भुसावळच्या बाजूने भोंगा वाजला. ती दोन गाड्यांची एक गाडी भिंतीमागून जाऊ लागली. जमीन हादरत होती, आवाज संपतच नव्हता, आणि दिसत काही नव्हतं. कोळशाच्या डब्यांमधल्या फटींतून नुसतं काही तरी हलत होतं. एक पाहुणा मोठ्याने हसला. स्टुडिओवाला लाइनीकडे पाठ करून पाहुण्यांकडे वळला, हात पसरले आणि काही तरी ओरडला. मी बटण दाबलं.

गाडीकडे पाठ, कॅमेरा खाली, तोंड हे एवढं उघडं. घरी पोचायच्या आत मी तो ग्रुपवर टाकला आणि वर त्याचेच शब्द लिहिले: ‘ड्युटीवर जांभई.’ त्या चार पाहुण्यांनी तो आपापल्या गावी पोचवला. स्टुडिओवाला महिनाभर ग्रुपवर एक अक्षर बोलला नाही, मग निघूनच गेला. मी त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं. नवऱ्याने विचारलं, काय विशेष? म्हटलं, असंच.

गेटमन निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभ त्याने घेतला नाही, असं कळलं. सर्विस बुकावर ठपका पडला होता. शाल-नारळ नको म्हणाला आणि दुपारच्या बसने गावी गेला. ते ऐकून वाटलं, आता तरी त्याला जाऊन सांगावं की कुणी तरी त्याचं उट्टं काढलं. एका रविवारी स्कूटीवर गेले. संग्रामपूरच्या पुढे डोंगर जवळ येत येत गावाच्या मागेच येऊन बसतो. तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. बायकोने खुर्ची दिली, चहा टाकला.

मी मोबाइल काढून फोटो दाखवला आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. सिग्नल, भिंत, भोंगा, पाहुणे. त्याने फोटो बराच वेळ पाहिला. बोटाने मोठा केला. तो डबे बघत होता, माणूस नाही.

“चांगलं केलं,” तो म्हणाला आणि मोबाइल परत दिला.

मला याहून जास्त हवं होतं. मी म्हटलं, “तुमच्यासाठी केलं हो मी हे.”

तो शेंगा सोलत राहिला. “मॅडम, साहेबानं मले इचारलं होतं. गाडी सोडून तुमचं तोंड कुठं होतं? म्या सांगतलं, डोयात कचरा गेला. तुमचं नाव घेतलं असतं तं तुमच्या नोकरीवर आलं असतं. तीन तारखा झाल्या चौकशीच्या. दर तारखेले मी भाईर बाकावर बसून रस्त्याकडे पाहत होतो. वाटे, मॅडम येतीन. सोताहून येतीन.”

माझ्या तोंडून काय निघालं ते आठवत नाही. शाळेचं काही तरी असावं. मग मी विचारलं, विचारायला नको होतं ते, “राग आला होता का हो माझा?”

“आला होता म्हंजे? हाये ना. त्या फोटोवाल्याचा काय राग धरू, तो परका माणूस. तुमचा हाये.” त्याने सोललेले दाणे टोपल्यात टाकले. “चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.”

मी चहा घेतला.