विटा आत्यानं वाहिल्या, नाव पार्षदाचं

मित्रांनो, आज माझं डोकं भणकून राहिलं आहे.

मी इतिहासात एमए करते. आमच्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, बुद्धविहार वस्तीतल्या बायांनी डोक्यावर विटा वाहून बांधलं. त्यात माझी आत्याही होती. प्रोजेक्टमध्ये मी हेच लिहिलं.

सरांनी मोबाइल समोर धरला. "नेट पे तो लिखा है, पार्षद जी ने बनवाया. बुआ का प्रूफ क्या है?"

कोणालेही लिहिता येते अशा साइटवरचं ते पान दोन वर्षांआधी मीच लिहिलं होतं, विहाराबाहेरची पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, नावाची पाटी पाहून. आत्या घरातच होती. तिले विचारलंच नाही.

आत्ता ते दुरुस्त करायला बसली, तर साइट म्हणते, पुराव्याची लिंक जोडा.

आत्या बाजूलेच भाजी निवडून राहिली आहे. तिची लिंक कुठून आणू, सांगा?