बिल्लेसरांचा थेट वर्ग

बिल्लेसरांच्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे कळायला परिषदांत मिळालेल्या पिशव्या ओळखाव्या लागतात. 'शिक्षणातील डिजिटल क्रांती' या पिशवीत कांदे. 'उच्च शिक्षणातील नेतृत्व' हिच्यात धुवायचे मोजे. 'उद्याचा शिक्षक' फाटली, म्हणून ती दारात पायपुसणं होऊन पडली आहे. सरांना आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलंय, पण परिषदेहून परतल्यावर गळ्यातला बिल्ला काढायचं त्यांच्या लक्षातच राहत नाही. एकदा तर तो घालूनच गॅलरीत दाढी करताना दिसले. तेव्हापासून कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये सगळे त्यांना बिल्लेसरच म्हणतात. तोंडावर नाही हं. म्हणजे, फारसं नाही.

'शैक्षणिक तंत्रज्ञान' आणि 'नेतृत्व' हे दोन शब्द एका निमंत्रणावर दिसले, की सरांची बॅग आपोआप भरली जायची. आपोआप म्हणजे, वहिनी भरायच्या. तिथं जाऊन सर पहिल्या रांगेत बसत, वक्त्याला काही समजलेलं असो वा नसो, स्वतःला समजल्यासारखी मान हलवत, जेवणाच्या रांगेत खरंखुरं नेतृत्व करत आणि शेवटी "प्रश्न नाही, एक छोटंसं निरीक्षण आहे" असं म्हणून माइक धरत. तो काढून घ्यायला दोन माणसं लागायची.

आता इतकं हिंडायचं तर वर्ग कोण घेणार? सरांनी त्यावर तोडगा काढला. अख्ख्या वर्षाची व्याख्यानं एका सुट्टीत रेकॉर्ड करून टाकली. तासाच्या वेळी शिपाई मोठा पडदा लावून निघून जायचा, पडद्यावर सर शिकवायचे आणि हजेरीच्या अ‍ॅपवर झाडून सगळा वर्ग हजर दिसायचा.

"बघ," सर वहिनींना म्हणायचे, "मी तिथं नसताना असतो."

"घरी उलटं आहे," वहिनी म्हणायच्या आणि बॅगेत टॉवेल कोंबायच्या.

यंदा प्राचार्य निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीवर सरांनी मनातल्या मनात केव्हाच उशी ठेवली होती. निवड समितीच्या अध्यक्षबाई नेमक्या या खेपेच्या परिषदेला येणार, हे कळल्यावर तर सरांच्या अंगात आलं. संयोजकांना म्हणाले, "नुसत्या स्लाइड काय दाखवायच्या? मी माझा वर्ग थेट दाखवतो. शिक्षक इथं, विद्यार्थी तिथं, आणि शिक्षण चालू!"

सभागृह भरलेलं. सरांनी बटण दाबलं. वर्गाच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यानं इमानेइतबारे सगळं दाखवलं. पुढे पडद्यावर सर हातवारे करत होते. मध्ये रिकामी बाकं, मागे रिकामी बाकं. आणि अगदी शेवटच्या बाकावर, समोरच्या बाकावर पाय टाकून, मांडीवर ताट घेऊन, वहिनी वाटाणे सोलत बसलेल्या. शेजारी रिमोट.

पडद्यावरचे सर म्हणत होते, "चांगला नेता आधी ऐकतो..."

वहिनींनी रिमोट उचलला. सर तोंड उघडं टाकून थिजले.

"मग ऐका," वहिनी म्हणाल्या. "परवा धाकटीला ताप भरला होता. फोन केला तर म्हणे सत्र चालू आहे. नळ गळतोय ते गळतोयच. आणि मी केस कापलेत, त्याला महिना झाला. कळलं का तुम्हाला?"

पुन्हा बटण दाबलं. सरांनी रेकॉर्ड करताना मुलांच्या उत्तरांसाठी जागा सोडून मध्येमध्ये कौतुक पेरून ठेवलं होतं. पडद्यावरचे सर प्रसन्न हसून म्हणाले, "वा! फारच छान मुद्दा मांडलात!"

"इतकं गोड घरी बोलला असतात, तर मी इथं कशाला आले असते?" वहिनी म्हणाल्या.

सभागृहात हशा फुटला. मागच्या रांगा तर हसून खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात. संयोजक सरांच्या कानाशी लागले, "सर, सांगून टाका, कुणी बाहेरची बाई घुसलीय."

सरांनी माइक तोंडाशी नेलाही. तेवढ्यात पडद्यावर वहिनी एक वाटाणा तोंडात टाकत स्वतःशीच म्हणाल्या, "जाऊ दे. आज तिथं नीट बोला म्हणजे झालं. व्हा एकदाचे प्राचार्य. एवढं तडफडताय त्यासाठी."

अध्यक्षबाई हसत नव्हत्या. "सर, विद्यार्थी कुठे आहेत?"

"माहीत नाही."

"अ‍ॅपवर तर सगळे हजर दिसतात म्हणे."

"दिसतात खरे."

"आणि या बाई कोण?"

संयोजकांनी सरांना कोपरानं ढोसलं. सरांनी माइक या हातातून त्या हातात घेतला. "माझी बायको," ते म्हणाले. "तिनं केस कापलेत. मला आत्ता दिसलं."

त्या दिवशी माइक काढून घ्यायला कुणाला यावं लागलं नाही.

प्राचार्यपद रसायनशास्त्राच्या बाईंना मिळालं. कॉलनीनं दोन दिवस हळहळ व्यक्त केली आणि चार दिवस पडद्यावरच्या सरांची नक्कल केली. सोमवारी सर वर्गात स्वतः उभे राहिले. बातमी सगळीकडे पसरली होती, त्यामुळे सर हाडामांसाचे आहेत की काय हे बघायला बरीच पोरं आली होती. वहिनीही आल्या. नेहमीची जागा, नेहमीचं ताट.

सर सुरुवातीला अडखळले, मग रंगात आले. "चांगला नेता," ते म्हणाले, "आधी..."

वहिनींचा हात सवयीनं रिमोटकडे गेला. उचलला आणि सरांवर रोखला.

सर थांबले. तोंड तसंच उघडं. पोरं माना वळवून मागे बघायला लागली.

"बोल," सर म्हणाले.

"काही नाही," वहिनी लाजल्या. "वाटाणे संपलेत. येताना घेऊन या."

आणि मोजे काढून रिकामी केलेली 'उच्च शिक्षणातील नेतृत्व' त्यांनी पुढच्या बाकावर दिली. ती बाकाबाकावरून हसत हसत सरांपर्यंत पोचली. सरांनी घडी घालून ती खिशात ठेवली आणि खडू उचलला.